मोघे साहेबांना 'डोंट' चालत नाही

जुन्या कुलपांच्या किल्ल्यांसारखे असतात बघा हे किस्से. कुलूप कधीच गेलेलं असतं, पण किल्ली काही टाकवत नाही. खण उघडला की खुळखुळतात. आमच्या बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या कट्ट्यावर हा खण रोज सकाळी उघडतो आणि रोज कुणीतरी त्याच त्या किल्ल्या परत हातात घेऊन बसतं. बसू देत! कुणाचं काय जातंय?

कट्टा म्हणजे आम्ही रिटायर्ड मंडळी. बागेत एक फेरी, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानं कॉफी. सगळे एकाच सरकारी कारखान्यातले. इंजिनं बनवायची आणि ती चालतात का ते बघायचं, हे आमचं काम. मी मूळची साताऱ्याची सुनंदा, पण इथं सगळ्यांची अक्का. टेस्टिंग खात्याचे मुख्य मोघे साहेब, अस्सल पुण्याचे. आणि टेस्ट बेडचे इंजिनिअर नंजुंडय्या, जन्म चामराजपेटचा, आवाज थेट सिटी मार्केटचा!

मोघे साहेब आणि नंजुंडय्या नोकरीभर भांडले. पगारावरून नाही, प्रमोशनवरून नाही. इंग्लिश कसं बोलावं यावरून! आणि रिटायर झाल्यापासून रोज दोघं एकच कॉफी पितात. 'बाय टू'. इथली पद्धतच आहे ती, एक कॉफी मागवायची आणि दोन पेल्यांत अर्धी अर्धी घ्यायची. नंजुंडय्यांना शुगर आहे, साहेबांना ॲसिडिटी. अख्खी कॉफी दोघांनाही झेपत नाही.

आता हे सगळं आठवायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात कळलं, की मोघे साहेब येलहंका सोडून बेळ्ळंदूरला निघाले, मुलीकडे, कायमचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, दोन्ही बेंगळुरूच की! अहो, नकाशात. रिंग रोडचं ट्रॅफिक ज्यानं बघितलंय त्याला विचारा. एकदा माणूस बेळ्ळंदूरला गेला की तो येलहंक्याला अर्धी कॉफी प्यायला येत नसतो. लग्नाकार्याला आला तरी मिळवलं.

* * *

साहेबांचा नियम आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

टेस्ट बेडवर इंजिन बसवलेलं असायचं. जाड काचेच्या अलीकडे कंट्रोल रूम, तिथं सुरू करायचं बटण. मध्ये फक्त इंटरकॉम, आणि तो सदा खरखरणारा. त्यात माणसं देशभरातली. कलकत्त्याचे सेनबाबू 'वुडन्ट'ला 'उडन्ट' म्हणायचे. एक केरळचे गृहस्थ 'वोन्ट'ला 'वोण्ड'. नंजुंडय्या प्रत्येक शब्दाला शेवटी एक 'उ' चिकटवायचे, बस्सु, कारु, डोंटु, कांटु. आणि मी? आमच्या साताऱ्याच्या मास्तरांनी 'शुडन्ट'ला 'शुल्डन्ट' शिकवलेलं. एल छापलाय ना पुस्तकात, मग म्हणायचा! पुस्तकाचे पैसे पूर्ण दिलेत!

म्हणून साहेबांनी फर्मान काढलं. इंटरकॉमवर शब्द आखडायचे नाहीत. डोंट नाही, डू नॉट. कांट नाही, कॅनॉट. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की 'डू नॉट स्टार्ट' कुणीही म्हणो, शिपाई म्हणो की जनरल मॅनेजर, आधी हात बटणावरून काढायचा. कारण विचारायचं नाही. कारण मागाहून.

माझा पहिलाच आठवडा. बेडवर कुणीतरी पाना विसरलेला मला दिसला. मी इंटरकॉमवर किंचाळले, "डोंट स्टार्ट!"

पलीकडून शांत आवाज आला, "कम्प्लीट द वर्ड, मॅडम."

असा संताप झाला म्हणता! इथं पाना उडून कुणाचं डोकं फुटेल आणि याला व्याकरण सुचतंय! मी ओरडले, "डू नॉट! डू नॉट! डू नॉट स्टार्ट!"

"नॉट स्टार्टिंग," साहेब म्हणाले. "वन्स इज इनफ."

हात त्यांनी माझ्या पहिल्या 'डों'लाच काढला होता, हे मला मागून कळलं. पण शिकवणी काही सोडली नाही!

* * *

नंजुंडय्यांचं दुसरं व्यसन म्हणजे 'इझन्टिट'. आपण नाही का वाक्याच्या शेवटी 'ना' लावतो, कन्नडमध्ये 'अल्वा' लावतात, तसं ते प्रत्येक इंग्लिश वाक्याला 'इझन्टिट' लावायचे. "यू आर फ्रॉम सातारा, इझन्टिट?" "टुडे इज मंडे, इझन्टिट?" साहेबांच्या कपाळाची शीर उडायची.

तर हे महाशय मुलगी बघायला गेले, मल्लेश्वरमला. मुलगी शाळेत इंग्लिश शिकवणारी! घरच्यांनी आधीच बजावलं होतं, की जास्त बोलू नकोस. मुलगी कॉफी घेऊन बाहेर आली. नंजुंडय्यांना घाम फुटला. काहीतरी बोलायला तर हवं! म्हणाले,

"यू आर द गर्ल, इझन्टिट?"

मुलीनं ट्रे खाली ठेवला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आय ॲम, इझन्टिट!"

लग्न तिथल्या तिथं ठरलं. त्या सरोजाक्का आजही सांगतात, "इतका घाबरलेला माणूस खोटं बोलणार नाही, एवढं मला कळलं. सरी, ठीक आहे, बाकीचं स्वल्प स्वल्प दुरुस्त करू म्हटलं."

दुरुस्त काही झालं नाही. संसार मात्र झकास झाला.

* * *

एकदा दिल्लीहून फार मोठे साहेब आले. नव्या इंजिनाचा शुभारंभ त्यांच्या हस्ते. कंट्रोल रूममध्ये हार, नारळ, फोटोवाला. मोठ्या साहेबांनी बोट बटणावर टेकवलं, फोटोसाठी हसले, आणि तेवढ्यात इंटरकॉमवर नंजुंडय्या गरजले,

"डू नॉट स्टार्टु!"

मोघे साहेबांनी सरळ त्या बड्या माणसाचं मनगट धरलं आणि बाजूला केलं! "नॉट स्टार्टिंग," म्हणाले. आमचे जनरल मॅनेजर पांढरेफटक. मोठे साहेब विचारतायत, "व्हॉट इज द मॅटर?" आणि मोघे साहेब म्हणतायत, "वी डू नॉट आस्क, सर. वी वेट."

सगळे थांबले. हार हातात, नारळ ताटात. काचेपलीकडे नंजुंडय्या इंजिनाखाली आडवे होऊन च्च च्च करतायत. शेवटी इंटरकॉम खरखरला.

"कॅट, सर. विथ किटन्स. शी इझन्टु कमिंग आऊटु."

मोघे साहेबांनी इंटरकॉमचं बटण दाबलं आणि फक्त एवढंच म्हणाले,

"इज नॉट, नंजुंडय्या. इज नॉट."

शुभारंभ मांजरीच्या मर्जीनं झाला. दिल्लीच्या साहेबांनी जाताना पिल्लांबरोबर फोटो काढला, आणि कारखान्यात तोच फोटो जास्त दिवस टिकला.

* * *

साहेबांच्या घरी काय चालत असेल, याचं आम्हाला भारी कुतूहल. त्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या माई, सांगायच्या, "अगं, हे मराठीसुद्धा आखडत नाहीत! भाजी वाढू का विचारलं तर नुसतं 'नको' म्हणतील? नाही. 'मला आता भाजी नको आहे.' ह्यांच्याशी भांडण म्हणजे सहीशिक्क्यानिशी!"

पण माई काय कमी होत्या! आमची घरं एकाच कॉलनीत. रोज सकाळी साहेब स्कूटर काढायचे. पुढं लहानगी मुक्ता उभी, तिला शाळेत सोडायचं. साहेब किकवर पाय ठेवणार, एवढ्यात वरून गॅलरीतून माईंचा आवाज,

"डू नॉट स्टार्ट!"

झालं! साहेबांचा पाय जागच्या जागी. मुक्ता हँडलवरचे दोन्ही हात वर करायची आणि बापाच्या आधी ओरडायची, "नॉट स्टार्टिंग!" आणि मग दोघं उभे. कारण विचारायचं नाही ना! माई आरामात खाली यायच्या. कधी डबा राहिलेला असायचा, कधी रुमाल. कधी काहीच राहिलेलं नसायचं. नुसतं मुक्ताच्या वेणीवरून हात फिरवायचा असायचा.

एकदा मी विचारलं, "माई, काही राहिलं नसताना कशाला हो थांबवता?"

म्हणाल्या, "कारखान्यात कुणीही थांबवतं त्यांना. मग मी काय घोडं मारलंय?"

* * *

माझ्या सासूबाई कराडकडच्या. इंग्लिशचा गंध नाही. बेंगळुरूला आल्या आणि शेजारणीकडून एकच शब्द उचलला, 'डोंटवरी'. तो त्यांच्या लेखी एकच शब्द होता आणि आशीर्वादासारखा होता. दूधवाल्याला डोंटवरी, रिक्षावाल्याला डोंटवरी. नंजुंडय्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला तरी डोक्यावर हात ठेवून, "डोंटवरी हां बाळा!" नंजुंडय्या तर खूश! म्हणायचे, "अक्का, युवर अत्ते इज माय पार्टी." अत्ते म्हणजे सासू.

मोघे साहेब आले की आम्हाला धास्ती. पण साहेबांनी तिथंही सोडलं नाही. "आजी, 'डू नॉट वरी' म्हणावं." सासूबाई म्हणायच्या, "बरं, तसं. डोंटवरी!"

माई गेल्या तेव्हा सासूबाई नव्वदीला टेकल्या होत्या. काठी टेकत टेकत मोघ्यांच्या घरी गेल्या. साहेब खुर्चीत ताठ बसलेले, कुणाशी बोलत नव्हते, रडतही नव्हते. मुक्ता नुसती त्यांच्याकडे बघत उभी. सासूबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "डोंटवरी, बाळा."

साहेबांनी मान हलवली आणि मग जे रडायला लागले! त्या दिवशी त्यांनी शब्द दुरुस्त केला नाही. मला त्याचंच जास्त रडू आलं, खरं सांगते.

* * *

मुक्ता आता आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पोरगी गुणी, पण बोलणं असं की सगळंच आखडलेलं. 'गॉना' काय, 'वॉना' काय! साहेब तिच्याकडे दोन दिवस राहून आले की कट्ट्यावर येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायचे. नंजुंडय्या म्हणायचे, "सर, आय टोल्ड यू. होल वर्ल्ड इज विथ मी ओन्ली."

एकदा ती घरून मीटिंग करत होती. पलीकडे अमेरिकेतली माणसं. साहेब शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. तिकडचा माणूस काहीतरी म्हणाला, आणि मुक्ता थबकली. "सॉरी, कॅन ऑर कॅनॉट?" तिनं विचारलं. त्यानं परत सांगितलं. तिनं पूर्ण वाक्य परत म्हणून दाखवलं.

मीटिंग संपल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचाच नियम लावला आज. नाहीतर घोटाळा झाला असता."

साहेबांनी पेपर खाली घेतला नाही. म्हणाले, "तुमच्याकडे इंजिन नाही, म्हणून इतके दिवस चाललं."

कट्ट्यावर हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं, विचारू नका! दर वेळी नंजुंडय्या पेला आपटून म्हणायचे, "वन्स इज इनफ, सर!"

* * *

आणि मग गेल्या पावसाळ्यात साहेब बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण दार आतून बंद होतं, आणि सकाळी कॉफीला आले नाहीत म्हणून नंजुंडय्या बघायला गेले, तेव्हा कळलं. मुक्ता घाबरली. कुणीही घाबरेल! तिनं बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये बाबांची खोली तयार केली, धरायला दांडे बसवले, घंटा बसवली. तिचं काहीसुद्धा चुकलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

साहेब म्हणाले, "योग्य निर्णय आहे." आम्ही म्हणालो, "योग्य निर्णय आहे." सरोजाक्का म्हणाल्या, "मुलगी इतकं करते, भाग्य लागतं." सगळे अगदी शहाण्यासारखे बोललो. रडावंसं वाटत होतं प्रत्येकाला, पण बापलेकीच्या मध्ये आपण कोण बोलणार?

आणि नंजुंडय्या? त्यांनी कट्ट्यावर यायचंच बंद केलं! मी घरी जाऊन चांगलं फैलावर घेतलं. "असं काय करता? माणूस चाललाय, चार दिवस गोड बोला की!"

तर म्हणाले, "अक्का, फुल कॉफी आय कांटु ड्रिंक. हाफ कॉफी दे वोंटु गिव्ह." आणि तोंड फिरवून टीव्ही बघत बसले. टीव्ही बंद होता.

साहेब मात्र रोज यायचे. बाय टू मागवायचे. एक पेला स्वतः घ्यायचे, दुसरा समोर ठेवायचे, तो तसाच गार व्हायचा. मी एकदा म्हटलं, "साहेब, मी पिऊ का?" म्हणाले, "नाही सुनंदा. तो तुझा नाही आहे."

* * *

परवाच्या रविवारी सकाळी मुक्ता गाडी घेऊन आली. सामान आदल्या दिवशीच टेम्पोनं गेलं होतं. आता फक्त साहेब, एक बॅग आणि माईंचा फोटो. फोटो साहेबांनी मांडीवर घेतला होता.

आम्ही सगळे फाटकापाशी. मी चिवडा दिला, सरोजाक्कांनी चित्रान्न दिलं. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. साहेब पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, आणि हळूच सरोजाक्कांच्या मागं बघितलं. नंजुंडय्या नव्हते.

"येऊ का मग आम्ही?" मुक्ता म्हणाली. तिचेही डोळे भरलेले. हिच्या गाडीला किल्ली नाही, बटण आहे. तिनं बोट बटणाकडे नेलं.

आणि वरून, मोघ्यांच्या रिकाम्या घराच्या गॅलरीतून, आवाज आला.

"डू नॉट स्टार्टु!"

आम्ही वर बघितलं. नंजुंडय्या! डोक्याला माकडटोपी, हाताची मूठ तोंडापाशी इंटरकॉमसारखी धरलेली. शेजारी म्हणून मोघ्यांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते, मागच्या दारानं कधी वर चढले होते कोण जाणे!

गाडीत साहेब हलले नाहीत. समोर काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "स्टार्ट, नंजुंडय्या. पुढं 'उ' नाही आहे."

पण आवाज इतका बारीक, की तो वर गेलाच नाही. तो फक्त मुक्तानं ऐकला, आणि खिडकीशी उभी होते म्हणून मी.

मुक्तानं वर गॅलरीकडे बघितलं. मग बापाच्या मांडीवरच्या फोटोकडे. मग स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर केले.

"नॉट स्टार्टिंग," ती म्हणाली.

कारण कुणीच विचारलं नाही.